‘खाली करा’ या दोन शब्दांबाबत निवेदन

अर्जदार : दत्तात्रय गणपत शेवाळे, परवानाधारक अर्जीनवीस, मूळ तालुका कराड, हल्ली मुक्काम मनीमाजरा, चंडीगढ. वय बावन्न. शिक्षण इयत्ता आठवी, पुढील सर्व स्वकष्टार्जित.

घटनेचे ठिकाण : चंडीगढमधील एक सार्वजनिक बाग, जुन्या आंब्याच्या झाडाखाली व त्यासमोरील हिरवळीवर.

वार व वेळ : रविवार, सकाळी साडेनऊ ते दहा. तारीख मला पाठ आहे. तथापि चौकीच्या दप्तरात एक तारीख पडली व माझ्या अर्जात दुसरी, त्यामुळे येथे तिसरी देऊन गोंधळ वाढवत नाही. वर्ष हे त्या वर्षांपैकी एक, ज्यांत पंजाबातली माणसे दिवस मावळण्याआधी घरी पोचत आणि बाकावर पिशवी विसरणारा संशयित ठरे.

साक्षीदार : एक, विश्वासराव खोत, छायाचित्रकार, आता हयात नाहीत. दोन, सौ. नलिनी, त्या दिवशीची वधू. तीन, तिचे वडील श्री. पाटणकर, वैद्यकीय संस्थेत प्रयोगशाळेत नोकरीस. चार, सरदार गुरमेल सिंग, सुतार, राहणार खरड. पाच, बागेत उपस्थित असलेले सर्व नागरिक, जे घटना घडताच उपस्थित राहिले नाहीत.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे ‘अर्जीनवीसाच्या गमती’ मागितल्या. अर्जीनवीस म्हणजे कचेरीबाहेर टाइपरायटर मांडून बसणारा आणि लोकांची गाऱ्हाणी साहेबांना समजतील अशा, म्हणजे लोकांना समजणार नाहीत अशा, भाषेत उतरवणारा माणूस. या कामात गमती नसतात. चुकून आल्या तर आम्ही त्या खोडतो. म्हणून मी माझ्या रविवारच्या कामाबद्दल लिहितो. ते काम नववधूंच्या चेहऱ्यावर ऊन वळवण्याचे होते. सात-आठ वर्षे मी ते केले आणि त्यात मी एकदा दोन शब्द उच्चारले. ते शब्द आजतागायत दुसऱ्याच्या नावावर नोंदलेले आहेत. ही नोंद दुरुस्त व्हावी, एवढाच या लेखनाचा हेतू आहे. वाचकांचे रंजन झाल्यास माझा इलाज नाही.

खोत मूळचे मिरजेचे. फौजेत नकाशांचे फोटो काढता काढता त्यांची नोकरी संपली आणि मनीमाजऱ्याच्या बाजारात त्यांनी स्टुडिओ टाकला. मी त्यांच्या माडीवर राहत असे. चंडीमंदिरच्या छावणीतली, वैद्यकीय संस्थेतली, विद्यापीठातली मराठी कुटुंबे लग्नाच्या फोटोसाठी खोतांकडेच येत, कारण नथ म्हणजे काय हे त्यांना समजावावे लागत नसे. इथला एक फोटोग्राफर नथ निसटून लोंबते आहे असे समजून ती सरळ करायला पुढे सरसावला होता आणि वधूच्या मामाने त्याला मागे सारले होते.

त्या वर्षांनी लग्नांची वेळ बदलली. इथल्या वराती रात्री निघायच्या, त्या भर दुपारी निघू लागल्या. घोड्यावरचा नवरा घामाने निथळत असे आणि बँडवाले सावली बघून वाजवत. मराठी लग्न मुळातच दिवसाचे, त्यामुळे आपल्या पूर्वजांनी हे सगळे आधीच ओळखले होते असे आमच्या लोकांना उगाच वाटू लागले. स्टुडिओतली वीज तासन्‌तास जायची. शेवटी खोतांनी वधूंना बागेत आणायला सुरुवात केली. मला म्हणाले, “शेवाळे, सूर्याचा फ्यूज उडत नाही.”

आता कामाचे स्वरूप सांगतो. फोटोला ऊन लागते, असा सामान्यांचा समज आहे. ऊन लागते ते पापडाला. वधूला उन्हात उभी केली की तिचे डोळे बारीक होतात, मुंडावळ्यांच्या सावल्या गालावर गजांसारख्या उभ्या राहतात आणि नथीच्या मोत्यांची सावली ओठावर पडून मिशी फुटल्याचा भास होतो. म्हणून वधूला झाडाच्या सावलीत, पण सावलीच्या काठाशी उभी करायची. मग समोर लांब उन्हात एक चकचकीत फळी धरायची आणि तिच्यावरून ऊन वळवून वधूच्या चेहऱ्यावर सोडायचे. फळी खालच्या अंगाने धरली तर नवरी हडळ दिसते. फार वरून धरली तर डोळ्यांच्या जागी खड्डे पडतात. उजेड डोळ्यांच्या जरा वरून यावा आणि बुबुळात एक पांढरा ठिपका उमटावा. खोत त्या ठिपक्याला ‘जीव’ म्हणत. कॅमेऱ्यात डोके घालून ते विचारत, “जीव आला का?” आणि नवखे पाहुणे नवरीची नाडी बघायला धावत.

हिरवळीचा रंग हनुवटीखाली चढतो, म्हणून वधूच्या पायाशी पांढरी चादर अंथरायची. समोरून उजेड आला की कोणाचेही डोळे मिटतात, म्हणून तिने आधीच डोळे मिटून घ्यायचे. खोत “एक, दोन, तीन” म्हणत आणि तीनला तिने उघडायचे. त्या पहिल्या क्षणी डोळे मोठे आणि टवटवीत असतात. पुढच्या क्षणी नवरीला आपले लग्न आहे हे आठवते.

फळी गुरमेल सिंगांनी बनवली होती. प्लायवूडची, माणसापेक्षा उंच, तिच्यावर चहाच्या पेटीतला चांदीचा कागद मुद्दाम सुरकुत्या पाडून डकवलेला. गुळगुळीत कागद उजेडाचा फटका मारतो, सुरकुतलेला तो पसरून देतो. गुरमेल सिंग तेव्हा पन्नाशीचे होते. दर रविवारी खरडहून बसने येत, फळी स्टुलावर चढवून धरत आणि वाऱ्याने तिचे शीड झाले तरी जागचे हलत नसत. खोतांनी त्यांना पाच मराठी शब्द शिकवले होते : वर, खाली, तिरपे, थांबा आणि बास. शेवटचा त्यांना आधीपासून येत होता. मला ते ‘मुन्शीजी’ म्हणत.

माझे पद मधले. खोतांचा घसा फौजेतच बसलेला, त्यांचा आवाज तीन पावलांपुढे जात नसे, आणि फळी असे तीस पावलांवर. मी मध्ये उभा राहून खोतांचा हुकूम फळीपर्यंत पोचवीत असे. फूलस्केप कागदाची सुरळी करून तोंडाला लावली की माझा आवाज हुबेहूब सरकारी होई. लोक वळून पाहत. मला त्याचा अभिमान होता आणि तो लपवण्याची आवश्यकता मला तेव्हा वाटली नाही.

शिवाय परवानगीचे अर्ज माझे असत. त्या काळात बागेत कॅमेरा काढला की शिपाई हजर होई. आमच्या फळीचा उजेड एकदा घसरून रस्त्यापलीकडच्या वाळूच्या पोत्यांवर पडला. पोत्यांमागचा जवान बंदूक घेऊन चालत आला. आम्ही हात वर केले. गुरमेल सिंगांच्या हातात फळी असल्याने ते आधीच वर होते. जवानाने सगळे नीट पाहून घेतले, टोपी सारखी केली आणि म्हणाला, “इसमें मेरी भी एक निकाल दो. माँ को भेजनी है.” यानंतर मी प्रत्येक अर्जात ‘प्रकाश परावर्तित करणारा नि:शस्त्र फलक’ असे शब्द घालू लागलो. साहेबांनी ‘नि:शस्त्र’खाली लाल रेघ मारून मंजुरी दिली.

गिऱ्हाइकेही नमुनेदार असत. मुलगी गोरी दिसेल का, ही चौकशी तर नित्याचीच. आम्ही उजेड देतो, वर्ण नाही, हे उत्तर मी ठरवून ठेवले होते. एकदा मात्र एका वरमाईने फळीच अडवली. तिचे म्हणणे, सगळा उजेड मुलीच्या अंगावर जातो आहे.

“आमचा मुलगा काय कोळशाच्या वखारीतून आणलाय? त्याच्यावरही टाका की थोडा.”

वधूचे काका म्हणाले, “फोटोग्राफर आम्ही आणलाय. उजेड आमचा.”

“मग सूर्यही तुम्हीच आणलाय का?”

शेवटी मी कागद काढला आणि ‘उभय पक्षांस प्रकाशाचा समान वाटा राहील व नथीचा भाग त्यातून वगळण्यात येईल’ असा मजकूर लिहून दोन्हीकडच्या सह्या घेतल्या. खोतांनी फळीला हात न लावता फोटो काढला. दोन्ही पक्ष समाधानी झाले. कागदावर सही झाली की माणसाला उजेड पडल्यासारखे वाटते, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे.

आता मूळ प्रकरणाकडे येतो.

नलिनी पाटणकर चंडीगढातच वाढलेली. मराठी सगळे समजे, उत्तर हिंदीत येई. मुहूर्त बारा वीसचा. मुलाकडची मंडळी नाशिकहून आलेली. सकाळी साडेनऊला हिरवा शालू, चुडा, मुंडावळ्या, नथ असा सगळा सरंजाम आंब्याखाली उभा राहिला. रविवार असल्याने बाग भरलेली होती. लोक चादरी पसरून बसलेले, कुठे रेडिओवर सामना, कुठे शेंगदाणे, कुठे डबे.

पाटणकर दर मिनिटाला घड्याळ पाहत होते. “खोत, आटपा. भटजी थांबायचे नाहीत.”

नलिनी म्हणाली, “पप्पा, आप मत बोलो. मेरा चेहरा बिगड़ जाता है.”

तिने डोळे मिटले. गुरमेल सिंगांनी तिकडे फळी उचलली. उजेड आला, पण तिच्या डोक्यावरून जाऊन झाडाच्या बुंध्यावर बसला.

खोत कॅमेऱ्यातून पुटपुटले, “शेवाळे, झाडाचं लग्न नाहीये. खाली करायला सांगा.”

मी सुरळी तोंडाला लावली आणि बागेच्या कुंपणापर्यंत पोचेल अशा माझ्या उत्तम आवाजात म्हणालो, “खाली करा. सरदारजी, खाली करा. लवकर. सगळं खाली करा.”

मराठीत ‘खाली’ म्हणजे खालच्या बाजूला. हिंदी-पंजाबीत ‘खाली करो’ म्हणजे जागा रिकामी करा. ज्या शहरात प्रत्येक बस थांब्यावर ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ अशी पाटी होती, तेथे रविवारी सकाळी, भरलेल्या बागेत, सरकारी आवाजात, मी जागा रिकामी करण्याचा हुकूम दिला. त्यात ‘सरदारजी’ हा शब्द घातला. ‘लवकर’ कोणाला समजले नाही, पण त्यातली घाई समजली.

बाग मिनिटभरात रिकामी झाली. इतकी आज्ञाधारक जनता मी पुढे कधी पाहिली नाही. लोक मुलांना काखोटीला मारून फाटकाकडे धावले. मागे चपला, डबे, विणकामाच्या पिशव्या आणि सामना सांगणारा तो रेडिओ राहिला. म्हणजे बागेत आधी एकही बेवारस वस्तू नव्हती आणि माझ्या हाकेनंतर बेवारस नसलेली वस्तू उरली नाही. पाटणकर सर्वांच्या पुढे होते. नलिनी मात्र डोळे मिटून उभी होती, कारण ‘तीन’ आलेले नव्हते. खोत डोके आत खुपसून असल्याने त्यांना नवरीशिवाय जग दिसत नव्हते. आणि गुरमेल सिंगांनी फळी खाली केली, उजेड बरोबर तिच्या चेहऱ्यावर आणला आणि स्थिर उभे राहिले. त्या सबंध बागेत माझे वाक्य एकट्या त्यांना बरोबर समजले होते.

खोत म्हणाले, “तीन.” तिने डोळे उघडले. त्यांनी बटण दाबले.

फाटकातून शिपाई आले. त्यांचा हवालदार सरळ गुरमेल सिंगांकडे गेला.

“सब भागे. तू क्यों नहीं भागा?”

“जी, मुझे फट्टा नीचे करने को कहा था. भागने को तो किसी ने नहीं कहा.”

“यानी तुझे पता था कि यहाँ कुछ नहीं है.”

“जी, कुछ है ही नहीं.”

“वही तो. तुझे कैसे पता?”

या तर्कापुढे मी आजही हात टेकतो. जो पळतो तो निर्दोष, कारण तो घाबरला. जो घाबरला नाही त्याला आतली माहिती असली पाहिजे. त्यातून तो सरदार, उंच, आणि हातात चमकणारा पत्रा. हवालदाराला आणखी काही शोधण्याची गरज उरली नाही. तरी कर्तव्य म्हणून त्याने विचारले, “आवाज़ किसने लगाई?”

तोवर मी सुरळी उलगडली होती, चौपदरी घडी घातली होती आणि ती खिशात ठेवली होती. कागद हाताळण्याचा मला सराव आहे. मी म्हणालो, “गर्दीतून कोणीतरी.” हिंदीत म्हणालो, आणि शुद्ध म्हणालो.

कारण सांगतो. अर्जीनवीसाचा परवाना दरवर्षी नवा करावा लागतो आणि त्यासाठी चाल-चलन बरी असल्याचा पोलिसांचा शेरा लागतो. अफवा पसरवून पळापळ करणाऱ्याच्या नावावर कोणता शेरा येईल हे मला चांगले माहीत होते. असे शेरे वाचून लोकांना त्यावर अर्ज लिहून देण्याचेच माझे काम होते.

परत आलेले पाटणकर हात जोडून म्हणाले, “साहेब, हमारा मुहूर्त है. बारा बीस का.”

“दुल्हन को ले जाओ. कैमरे की रील यहीं रहेगी. फट्टेवाला भी.”

आम्ही नवरीला घेऊन निघालो. गुरमेल सिंगांनी फळी झाडाला टेकवून ठेवली, तिला ओरखडा पडू नये म्हणून मध्ये चादर घातली आणि ते शिपायांबरोबर गेले. बारा वीसला अक्षता पडल्या. मी मसालेभात दोनदा घेतला. दुसऱ्यांदा वाढणाऱ्याने आग्रह केला होता, हे मी स्वतःच्या बचावात नमूद करतो. दुसरा बचाव मला सापडलेला नाही.

सोमवारी मी अकरा पानांचा अर्ज केला. ‘खाली’ हे मराठीतील क्रियाविशेषण असून त्याचा रिक्ततेशी संबंध नाही, हे मी उदाहरणे देऊन सिद्ध केले. ‘सदर शब्द छायाचित्रण-पक्षाकडून कामाच्या ओघात उच्चारला गेला’ असे घातले. माझ्या लेखणीतून याआधी इतके विद्वत्तापूर्ण काही उतरले नव्हते. खोत आणि मी तो घेऊन चौकीत गेलो. ठाणेदाराने पहिले पान वाचले, शेवटचे वाचले.

“मुन्शीजी, पक्ष ने बोला, ठीक है. पक्ष में से किसने? पक्ष का तो मुँह नहीं होता.”

खोत पुढे झाले. त्यांच्या त्या बसलेल्या घशातून म्हणाले, “हुक्म मेरा था.”

ठाणेदाराने कानामागे हात धरला. “क्या?”

“हुक्म मेरा था.”

“बाबाजी, आपकी आवाज़ मेरी कुर्सी तक नहीं आ रही. बाग आपने खाली कराई?” मग तो म्हणाला, “मुझे एक नाम दो, एक दस्तखत दो, आदमी ले जाओ. नाम नहीं है तो मैं ऊपर भेज दूँगा. फिर मेरे हाथ में नहीं.”

त्या वर्षांत ‘वर’ पाठवलेल्या माणसाचे काय होई, ते खरडच्या, मोहालीच्या आणि आसपासच्या गावांतल्या बायका मला कचेरीबाहेर सांगत आणि मी ते टाइप करीत असे. त्या अर्जांना उत्तरे येत नसत. खोतांनी माझ्याकडे पाहिले. मी अर्जाच्या सहाव्या पानातली एक वेलांटी दुरुस्त करीत होतो.

बाहेर बाकावर गुरमेल सिंगांची बायको बसली होती. मांडीवर डबा. मला पाहून उठली.

“मुन्शीजी, अच्छा हुआ आप आ गए. आपका लिखा तो सुनते हैं. एक अर्ज़ी मेरी तरफ से भी लिख दो.”

“क्या लिखूँ, बहनजी?”

“यही कि जिसने आवाज़ लगाई थी, उसको ढूँढो.”

मी लिहिले. तिच्या अंगठ्याखाली तिचे नाव घातले आणि खाली, नियमाप्रमाणे, लिहिणाऱ्याचे नाव घातले.

मंगळवारी सकाळी नलिनी माझ्या टेबलापाशी आली. हातात चुडा, मेंदी ताजी. नवरा रस्त्यापलीकडे स्कूटरला टेकून उभा होता. त्यांची गाडी दुपारची होती. रील अजून परत मिळाली नसल्याचे सांगायला खोत त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा तिला बाकीचे कळले.

“काका, वो फट्टेवाले अंकल अभी तक अंदर हैं?”

“मी अकरा पानी अर्ज दिला आहे.”

“त्यात तुमचं नाव आहे?”

“अर्जदार म्हणून आहे.”

“वैसे नहीं, काका.” ती बसली नाही. “मेरी आँखें बंद थीं. कान नहीं.”

मी तिला परवान्याची पद्धत समजावून सांगितली. शेरा, नूतनीकरण, वयाच्या चाळिशीत दुसरा धंदा न मिळण्याची शक्यता. तिने सगळे ऐकून घेतले. मराठी मुलगी असूनही मध्ये बोलली नाही.

मग म्हणाली, “ठीक है. मग माझं लिहा. मी ओरडले. आईला म्हणत होते, शालू खाली करा.”

“आईला कोणी ‘करा’ म्हणत नाही, बाई.”

“ठाणेदार को क्या पता? पर आपको पता है, इसलिए आप लिखोगे.”

“असे खोटे निवेदन करणे म्हणजे—”

“काका, आप टाइप करते हैं या मैं करूँ?”

मी टाइप केले. एक पान. एकही खाडाखोड नाही. ‘मी, वधू, घाबरट स्वभावाची असल्याने माझा आवाज आवश्यकतेपेक्षा मोठा निघाला’ हे वाक्य मी माझ्या बुद्धीने घातले आणि ते वाचून ती माझ्याकडे बघत राहिली. नंतर तिने सही केली. नवे आडनाव लिहिताना तिला एकदा थांबावे लागले.

ठाणेदाराने पान वाचले, चुड्याकडे पाहिले, हसला. नवरीला आत टाकण्याची त्याची इच्छा नव्हती आणि ‘वर’ कळवायला त्याला आता एक नाव मिळाले होते. गुरमेल सिंग बाहेर आले. पगडी नव्याने बांधलेली होती, एक डोळा सुजून मिटलेला होता. ठाणेदार नलिनीला म्हणाला, “बीबी, ससुराल में धीरे बोलना.”

हे वाक्य तिच्या नवऱ्याने ऐकले. त्याने ते गाडीत आपल्या आईला सांगितले. पहिल्याच आठवड्यात पोलिसात जबाब देऊन आलेली सून, अशी तिची कीर्ती नाशिकला तिच्या आधी पोचली. पाटणकर निवृत्त होऊन जाताना मला भेटले, तेव्हा म्हणाले, “अजूनही ती काही बोलायला लागली की सासरी म्हणतात, हळू, बाग रिकामी होईल. सगळे हसतात. तीही हसते म्हणे.” एवढे बोलून ते माझ्या उत्तराची वाट पाहत थांबले. मी त्यांना निवृत्तीवेतनाच्या फॉर्मबद्दल विचारले.

रील कधीच परत मिळाली नाही. ती मागणारे नऊ अर्ज मी केले. जीव आलेला तो एकच फोटो आमच्या हातून निघाला होता, असे खोत मरेपर्यंत म्हणत.

गुरमेल सिंग चार रविवार आले नाहीत. पाचव्या रविवारी बसमधून उतरले, फळी उचलली, स्टुलावर चढवली. मी सुरळी न करता, साध्या आवाजात म्हणालो, “वर.” त्यांनी वर केली. “तिरपे.” केली. “खाली.” ते जागचे हलले नाहीत.

“सरदारजी, खाली.”

“मुन्शीजी,” ते म्हणाले, “लिख के दो.”

सगळे हसले. मीही हसलो. कागदाचा तुकडा फाडला, त्यावर ‘फट्टा नीचे’ लिहिले आणि तीस पावले चालत जाऊन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, खिशात ठेवला, फळी खाली केली. पुढची दोन-तीन वर्षे आमचे काम असेच चालले. प्रत्येक ‘खाली’ला एक चिठ्ठी. नवऱ्या ताटकळत, ऊन सरकत जाई, खोत कपाळाला हात लावत. त्या चौकीतल्या तीन दिवसांबद्दल गुरमेल सिंग माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत आणि दुसरे काही लिहून मागितले नाही. मी प्रत्येक वेळी फळीबद्दलचेच लिहून देत राहिलो.

आता दिवस निवळले आहेत. वराती पुन्हा रात्री निघतात, त्यांच्याबरोबर दिव्यांच्या गाड्या असतात आणि सुरकुतलेल्या चांदीची कोणाला गरज पडत नाही. माझा परवाना चालू आहे. हे छापून आल्यावर तो चालू राहील किंवा नाही, याचा निर्णय संबंधितांनी घ्यावा. त्यावर मी अर्ज करणार नाही.

सबब विनंती, की बागेत ‘खाली करा’ असे ओरडणारा इसम मी, दत्तात्रय गणपत शेवाळे, असून ‘घाबरट स्वभाव’ हे शब्दही माझेच आहेत व ते माझ्याच नावापुढे लावावेत. सौ. नलिनी यांचे त्या तारखेचे निवेदन रद्द समजावे आणि या अंकाची एक प्रत त्यांच्या सासरी, मोठ्याने वाचली जाईल अशा बेताने, पाठवावी. या मजकुराची गुरुमुखी प्रत मी सरदार गुरमेल सिंग यांना खरडच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे. समक्ष नेऊन द्यायला हवी होती, हे मान्य आहे. उभयतांनी हे निवेदन वाचून ते मंजूर आहे की नामंजूर, ते एका ओळीत कळवावे. नामंजूर असल्यास कारण देण्याची आवश्यकता नाही, ते मला माहीत आहे. केवळ उत्तर लेखी असावे.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
द. ग. शेवाळे
(सही स्वतःची, मजकूर स्वतःचा)